ताडोबाचं बुकिंग झालं, पण कोअरचं की बफरचं?

फेब्रुवारीत पुण्याहून मावशीचा फोन आला. "अगं, मिळालं एकदाचं ताडोबाचं बुकिंग! नवेगाव गेट, शनिवार सकाळ." मी चंद्रपूरला राहते, त्यामुळे असे फोन दर मोसमात येतात आणि दर वेळी मी एकच सांगते, "परमिटचा फोटो पाठव." फोटो आला. गेटचं नाव होतं रामदेगी-नवेगाव आणि पुढे बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. मावशीनं एजंटला कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, म्हणून पैसे दिले होते. विचारल्यावर तो म्हणाला, "सगळं ताडोबाच हो." मावशी चिडली, आणि ते बरोबरच होतं. पण त्यानंतर ती जे म्हणाली ते मला खटकलं. "म्हणजे आता खरं जंगल नाहीच बघायला मिळणार."

कोअर म्हणजे खरं जंगल आणि बफर म्हणजे तिकीट न मिळालेल्यांची सोय, ही समजूत फार पसरली आहे. मावशीला फोनवर सांगून पटलं नसतं. नशिबानं शुक्रवार दुपारच्या फेरीचं कोलाऱ्याचं कोअर परमिट मिळालं, मग मी दोन्हीकडे तिच्यासोबत गेले.

आधी नावांचा घोळ, कारण बहुतेक जण इथेच अडखळतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात कोअरची गेटं मोजकी: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. बफरची त्याहून बरीच जास्त: आगरझरी, देवाडा-अडेगाव, जुनोना, मदनापूर, अलिझंझा, बेलारा, पळसगाव, मामला आणि आणखी काही. गेटाला गावाचं नाव द्यायची पद्धत असल्यानं नावं जवळजवळ सारखी होतात. कोलारा कोअर, पण कोलारा-चौरादेव बफर. झरी कोअर, झरी-पेठ बफर. नवेगाव कोअर, रामदेगी-नवेगाव बफर. त्यातही भंडारा-गोंदियाकडचा नवेगाव-नागझिरा हा तर वेगळाच व्याघ्र प्रकल्प. परमिट हातात आलं की नुसतं गाव वाचू नका, त्याच्या पुढेमागे काय लिहिलंय तेही वाचा. ज्या गेटाचं परमिट, त्याच गेटातून आत जाता येतं. बफरच्या परमिटवर कोअरमध्ये शिरता येत नाही आणि कोअरचं परमिट बफरच्या गेटावर चालत नाही.

आता या दोन शब्दांमागचा कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग कायद्यानंच ठरले. कोअर म्हणजे गाभा. तिथे वाघाला माणसाचा उपद्रव नसावा, म्हणून शेती नाही, गुरं चारणं नाही, बांबू तोडणं नाही. जी गावं आत आहेत त्यांचं पुनर्वसन करायचं, तेही लोकांच्या संमतीनं. बफर म्हणजे या गाभ्याभोवतीचा पट्टा. तिथे माणूस राहणार आणि वाघही राहणार, हे कायद्यानं गृहीतच धरलंय. लोकांच्या उपजीविकेचे हक्क तिथे मान्य आहेत, आणि बफरची हद्द ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत करावी असंही त्यात लिहिलंय. म्हणजे बफर हे उरलंसुरलं जंगल नव्हे. त्याला स्वतःचं काम नेमून दिलेलं आहे.

ताडोबाचे आकडे पाहिले की ते काम कळतं. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, ११६.५५ चौरस किलोमीटर. अंधारी अभयारण्य १९८६ चं, ५०८.८५ चौरस किलोमीटर. दोन्ही मिळून साधारण ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा. बफर जाहीर झालं २०१० मध्ये, सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे कोअरच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि त्यात ऐंशीच्या आसपास गावं. पिल्लं देणाऱ्या वीसेक वाघिणी कायम टिकून राहायच्या तर ८०० ते १,००० चौरस किलोमीटरचा निर्मनुष्य गाभा लागतो, असा प्राधिकरणाचाच हिशोब आहे. आपला गाभा तेवढा नाही. कोअरमध्ये वाढलेला वाघ दीड-दोन वर्षांचा झाला, आईनं हुसकला, की त्याला जागा शोधत बाहेर पडावंच लागतं. तो कुठे जातो? बफरमध्येच.

मोहर्लीच्या वाघडोह या वाघाचं उदाहरण चंद्रपुरात कुणालाही विचारा. तोंडावर जखमेचे व्रण असलेला तो थोराड नर एके काळी मोहर्लीच्या कोअरचा राजा होता. म्हातारा झाल्यावर तरुण नरांनी त्याला हटवलं. शेवटची काही वर्षं त्यानं बफरमध्ये काढली आणि मे २०२२ मध्ये चंद्रपूर शहराजवळच्या जंगलात, कोअरच्या बाहेर, तो मेलेला सापडला. त्याच्या आयुष्याला कोअर आणि बफर दोन्ही लागले. आणि मदनापूर बफरमधली जुनाबाई वाघीण बघायला तर लोक मुद्दाम बफरचं बुकिंग करून येतात. तेव्हा वाघ फक्त कोअरमध्येच असतात, हे डोक्यातून काढून टाका.

मग फेरीत फरक काय पडतो? कोअरमध्ये रस्त्यांचं जाळं मोठं आहे. एका पाणवठ्यावर काही नसेल तर गाईड गाडी दुसरीकडे वळवतो. पांढरपौनी, जामणी, ताडोबा तलाव, तेलिया असे पर्याय असतात. मुख्य रस्ता डांबरी आहे, पाठीचा त्रास असलेल्यांना तो बरा पडतो. बफरच्या एका गेटाची हद्द त्या मानानं लहान आणि वाटा मातीच्या. तिथे ठरावीक एक-दोन वाघिणींचा वावर असतो. त्या जवळ असल्या तर फार सुंदर दिसतात. दुसरीकडे सरकल्या असल्या तर तुमच्या हातात दुसरा इलाका नसतो. हे मी मोकळेपणानं सांगते, कारण बफरची बाजू घेताना काही जण हे दडवतात. पहिल्यांदाच येणार असाल, एकच फेरी परवडत असेल आणि ताडोबा तलावाचा काठ, त्यातल्या मगरी, तारू देवाचं ठिकाण हे सगळं मनात असेल, तर कोअरच घ्या. तारूच्या नावावरूनच ताडोबा हे नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. तो गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना गेला.

पण कोअरचं परमिट काढलं म्हणजे सगळा कोअर पाहिला, असंही समजू नका. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाचे नवे नियम आले तेव्हाच ते पुन्हा सुरू झालं. त्या नियमांनुसार कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के क्षेत्रातच पर्यटन करता येतं. उरलेल्या गाभ्यात आपल्या गाड्या जात नाहीत, आणि जाऊही नयेत.

शुक्रवारी दुपारी कोलाऱ्याहून आत गेलो. जामणीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर गवताचं मोठं मोकळं कुरण, त्यात चितळांचा कळप. पलीकडच्या बांबूतून सांबराचा धोक्याचा कॉल आला आणि कळपातल्या सगळ्या माना एकदम त्या बाजूला वळल्या. दहाएक मिनिटांनी गवतातून वाघीण चालत गेली, लांबून, कुणाकडेही न बघता. मावशी पार हरखून गेली. मग तिनंच गाईडला विचारलं, "इतक्या दाट जंगलात हे एवढं मोकळं रान कसं काय?"

"गावठाण होतं जी इथं," तो म्हणाला. "जामणी गाव. माह्या मामाचं गाव."

मावशी गप्प झाली. ज्या शेतांत धान पिकायचं तिथे आता गवत आलंय, गवतावर चितळ आलंय आणि चितळामागे वाघ. नवेगावचंही तसंच आणि बोटेझरीचंही. कोअर आपोआप मोकळा झालेला नाही. कुणीतरी घर, विहीर आणि देव मागे ठेवून निघालं, तेव्हा तो मोकळा झाला. पुनर्वसनाची रक्कम आधी कुटुंबामागे १० लाख होती, पुढे ती १५ लाख झाली. ती पुरेशी आहे का, हे त्या माणसांनीच सांगावं. मला एवढंच वाटतं की जामणीच्या कुरणावर कॅमेरा रोखणाऱ्या प्रत्येकाला तिथे गाव होतं हे ठाऊक असायला हवं.

कामाच्या काही गोष्टी इथेच सांगून टाकते. मंगळवारी कोअर बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यातही कोअर बंद असतो, त्या काळात वाटांची अवस्था बघून बफरची काही गेटं सुरू ठेवतात. कोअरची फेरी बफरपेक्षा महाग, आणि शनिवार-रविवारी आणखी. जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाईड आणि चालक. परमिटवर दिलेलं ओळखपत्रच मूळ प्रतीत बरोबर लागतं. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, फोटोसाठी वेगळा कॅमेरा हवा. मुक्काम गेटाच्या जवळचाच घ्या. मोहर्ली चंद्रपूरकडून जवळ, तर कोलारा-नवेगाव चिमूरच्या बाजूला. एकीकडे राहून दुसरीकडच्या गेटाची सकाळची फेरी घेतली तर बाहेरून भला मोठा वळसा पडतो आणि गेट उघडायच्या वेळी तुम्ही रस्त्यातच असता. एजंटकडून घेत असाल तर पैसे देण्याआधी गेटाचं पूर्ण नाव लिहून मागा.

पैशांचा अजून एक फरक आहे. बफरच्या गेटांचं कामकाज गावोगावच्या परिस्थितिकीय विकास समित्यांमार्फत चालतं आणि उत्पन्नातला वाटा गावात राहतो. २०१५ पासून राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून या गावांत गॅस, शौचालयं, शेताला सौर कुंपण अशी कामं होतात. ज्याच्या गोठ्यातली गाय वाघानं नेली, त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी गाईड म्हणून वाघ दाखवायला तुमच्या गाडीत बसलेली असू शकते. बफरच्या फेरीला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शनिवारी पहाटे रामदेगी-नवेगावला होतो. पहिला तास काही नाही. मोर, रानडुकरं, लांब एक रोही, म्हणजे नीलगाय. मग गाईडनं हात वर करून गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. पांदणीच्या मऊ धुळीत सायकलच्या टायरची नक्षी होती. तिच्यावर, नक्षी मोडून, वाघिणीचं पाऊल उमटलेलं. आणि त्या पावलाच्या गादीवर, अर्धा ठसा झाकून, रबरी चपलेची टाच.

गाईडनं त्याचा अर्थ लावून सांगितला. सायकल काल सांजेची, कुणीतरी बाजारातून परतलेला. वाघीण रात्री उशिरा गेलेली, कारण ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. आणि चप्पल आत्ताची, उजाडायच्या सुमाराची.

"आत्ताची? एवढ्या सकाळी कोण जातं इथून?" मावशीनं विचारलं.

वळण घेतलं आणि उत्तर समोरच दिसलं. पुढच्या शिवाराच्या कडेला मोहाचं मोठं झाड, खाली पाचोळा जाळून जागा स्वच्छ केलेली, आणि दोन बायका वाकून फुलं वेचत होत्या. शेजारी टोपल्या. एकीनं मान वर केली, गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली. वाकलेला माणूस पाठमोरा आणि बुटका दिसतो, म्हणून मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात हल्ले जास्त होतात, असं वनखात्याची माणसं गावोगाव समजावतात. एकट्यानं जाऊ नका, आवाज करत जा, उजाडल्यावर जा, असं सांगतात.

मावशीनं गाईडला तेच विचारलं. "या जरा ऊन आल्यावर का येत नाहीत?"

"मोह पहाटेच गळते जी," तो म्हणाला. "ऊन चढेपर्यंत थांबलं तर चितळं खाऊन जातात."