द डेव्हिल इन द डार्क (स्टार ट्रेक) : दर्शकांची मते

'द डेव्हिल इन द डार्क' हा 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानमालिकेच्या पहिल्या पर्वातला भाग. ९ मार्च १९६७ रोजी तो एनबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन जीन एल. कून यांचे, दिग्दर्शन जोसेफ पेव्हनी यांचे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन पर्वे चालली आणि तिचे ७९ भाग झाले. त्यांतले चांगले भाग निवडायला बसले की हे नाव हमखास निघते. भारतात ही मालिका १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागे. ज्यांना ती तेव्हा पाहायला मिळाली त्यांची मते बरीचशी आठवणीवर उभी आहेत, आताच्या दर्शकाची पडद्यावर जे दिसते त्यावर. कोकण किनाऱ्यावर या भागाची चर्चा करताना चिरेखाण (जांभा दगडाची खाण), सडा (जांभ्याचे पठार) आणि कासवाची घरटी ही तीन उदाहरणे गावातच सापडतात. त्यांमुळे इतरत्र गाजलेले काही आक्षेप इथे बोथट होतात आणि इतरत्र दुर्लक्षित राहिलेला एक आक्षेप धारदार होतो.

कथानक

जेनस-६ या ग्रहावर पर्जियम नावाच्या खनिजाची खाण आहे. नवी पातळी उघडल्यापासून अंधारातले काहीतरी कामगारांना जाळून मारते आहे. बळींची संख्या पन्नासाच्या घरात गेली आहे. एंटरप्राइज यान मदतीला येते, तोच वसाहतीच्या अणुभट्टीचा मुख्य पंप चोरीला जातो. अभियंता स्कॉटी तात्पुरता पंप जोडून देतो, तोही फार टिकत नाही. मारणारा प्राणी म्हणजे होर्टा. तो सिलिकॉनवर आधारलेला सजीव आहे आणि खडक विरघळवत त्यातून वाट काढतो. खाणप्रमुख व्हॅन्डरबर्गच्या टेबलावर शोभेला ठेवलेला दगडी गोळा त्याचेच अंडे असते, आणि असे हजारो गोळे कामगारांनी अडगळ समजून फोडलेले असतात. दर पन्नास हजार वर्षांनी सगळे होर्टा मरतात. एकच मादी उरते आणि पुढच्या पिढीची अंडी राखते. यानाचा विज्ञान अधिकारी स्पॉक मनोमीलनाने, म्हणजे मनाला मन जोडून, तिच्याशी बोलतो, यानाचा डॉक्टर मॅकॉय तिची जखम बुजवतो. शेवटी तह ठरतो : होर्टाच्या पिल्लांनी बोगदे खणावेत, माणसांनी खनिज उचलावे.

निर्मिती

होर्टाचा वेश हंगेरीत जन्मलेले यानोश प्रोहास्का यांनी तयार केला आणि आत शिरून रांगलेही तेच. हा वेश त्यांच्याच जुन्या वेशावरून केलेला होता. तो १९६५ साली 'द आउटर लिमिट्स' मालिकेच्या 'द प्रोब' या भागात येऊन गेला होता. कून यांनी वेश पाहिला आणि पटकथा त्याच्याभोवती लिहिली. इथे गोष्ट वेशामागून आली, हे मत देण्याआधी ध्यानात घ्यावे.

चित्रीकरण चालू असताना यानाचा कप्तान किर्क याची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांचे वडील वारले. ते अंत्यविधीला गेले आणि मनोमीलनाच्या प्रसंगातले त्यांचे काही तुकडे नंतर घेण्यात आले. पुढे आपला आवडता भाग म्हणून शॅटनर यांनी याच भागाचे नाव घेतले. मूळ मालिकेत एकाही स्त्रीपात्राला संवाद नसलेला हा एकमेव भाग मानतात. कथेच्या केंद्रस्थानी मात्र एक आईच आहे. लेखकाच्या हे लक्षात होते की नव्हते यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. पडद्यावर ते असरदार ठरते एवढे खरे.

दिसण्याविषयीची मते

पहिली टर होर्टाची उडते : गालिच्याखाली माणूस रांगतोय. हे खरेच आहे, आणि लपवण्याचा प्रयत्नही बेताचाच आहे. पण निम्मा भाग संपेपर्यंत होर्टा धड दिसत नाही. सुरुवातीच्या प्रसंगात यानातले कोणीही नाही. फक्त खाणकामगार, एक पहारेकरी आणि अंधार. उशिरा दाखवल्याचा फायदा असा की वेश हास्यास्पद वाटेपर्यंत होर्टाचे दुःख कानांवर पडू लागलेले असते.

दुसरी तक्रार बोगद्याच्या गुळगुळीत, सपाट जमिनीची. स्टुडिओची फरशी उघडी पडली, असे म्हणतात. चिरेखाण पाहिलेल्या माणसाला ही जमीन तितकी खटकणार नाही. जांभ्याचे चिरे यंत्राच्या पात्याने थरांत कापून काढतात, म्हणून खाणीचा तळ पायरीपायरीने सपाटच असतो. अर्थात ही सबब माणसांनी खणलेल्या भागापुरती. होर्टाने विरघळवलेला बोगदा नळीसारखा गोल हवा, त्याचा तळही गोलाकारच हवा होता. तक्रार म्हणून निम्मीच टिकते.

विज्ञानाविषयीची मते

या भागाची एक जमेची बाजू अशी की सगळ्यात मोठा वैज्ञानिक आक्षेप मॅकॉयच घेतो : सिलिकॉनचा सजीव शक्य नाही, ऑक्सिजनच्या वातावरणात तर नाहीच. रसायनशास्त्र त्याच्याच बाजूने आहे. सिलिकॉन आवर्तसारणीत कार्बनच्या खाली बसतो आणि त्याच्यासारखेच चार बंध करतो. पण सिलिकॉन-सिलिकॉन बंधाची ऊर्जा मोलामागे सुमारे २२५ किलोज्यूल, तर कार्बन-कार्बन बंधाची सुमारे ३४७. उलट सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ४५० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे फारच पक्का. त्यामुळे ऑक्सिजन भेटला की सिलिकॉन त्याला धरून बसतो आणि सिलिका होतो. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड वायू आहे. सिलिका मात्र सुमारे १७०० अंश सेल्सिअसला वितळणारा घन पदार्थ. अशा प्राण्याला उच्छ्वासाच्या जागी वाळू टाकावी लागेल.

आम्लाचा मुद्दा त्यापेक्षा बरा आहे. साधी आम्ले काचेला हात लावत नाहीत, हायड्रोफ्लोरिक आम्ल लावते. त्यामुळे खडक विरघळवणारा स्राव ही निव्वळ थाप नव्हे. ते आम्ल स्वतःच्या सिलिकॉनच्या शरीरात कशात साठवायचे, ही अडचण मात्र कथेने सोडवलेली नाही.

इथे कोकणापुरता एक तपशील मजेचा आहे. जांभा हा पावसाने झिजून तयार झालेला खडक. लाखो वर्षांच्या पाण्याने त्यातली सिलिका बरीचशी धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. होर्टाला रत्नागिरीच्या सड्यावर सोडले तर ती उपाशी मरेल. तिला जांभ्याखालच्या काळ्या कातळापर्यंत, म्हणजे बेसॉल्टपर्यंत उतरावे लागेल. शाळेतल्या मुलांपुढे भाग दाखवल्यावर विज्ञानाच्या चर्चेला सुरुवात करायला हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा चांगला.

होर्टा खडकावर 'नो किल आय' अशी अक्षरे जाळते. ही विनवणी की वचन, हे किर्कलाही पहिल्या क्षणी कळत नाही. बारसू, उक्षी, कशेळीच्या कातळशिल्पांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचा गोंधळ अनोळखी वाटणार नाही. कोरणाऱ्याने काहीतरी निश्चित म्हटले आहे, पण ऐकणारा तिथे नाही.

शेवटाविषयीची मते

सर्वाधिक स्तुती होते ती बाजू बदलण्याची. सुरुवातीला स्पॉक प्राण्याला जिवंत पकडावे म्हणतो आणि किर्क मारायचा हुकूम देतो. किर्क एकटा होर्टापुढे सापडतो तेव्हा स्पॉक घाबरून 'मार' म्हणतो आणि किर्क थांबतो. संवादातून उपदेश न करता दोघांचे स्वभाव इथे उलगडतात. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांनी पुढे, १९९५ मध्ये, मूळ मालिकेतला हाच एक भाग आपल्या लक्षात राहिल्याचे सांगितले होते. विचित्र आणि धोकादायक असलेली गोष्ट दुष्ट असेलच असे नाही, ही कल्पना त्यांना त्यात भावली.

खाणकामगारांची बाजू मात्र बहुतेक चर्चांत पटकन गुंडाळली जाते, आणि हे अन्यायाचे आहे. पन्नास माणसे गेलेल्या वसाहतीने काठ्या उचलणे हा अडाणीपणा नव्हे. दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या परिसरात कर्नाटकातून आलेले हत्ती केळी आणि माड मोडतात. तिथल्या बागायतदाराला 'प्राणी दुर्मीळ आहे, अभ्यास करू या' हे वाक्य ऐकवून पाहावे. पटकथेनेही कामगारांना खलनायक केलेले नाही. अंडी फोडल्याचे कळताच त्यांचे चेहरे पडतात, आणि त्या चेहऱ्यांवर कॅमेरा थोडा अधिक थांबायला हवा होता.

खरा वाद तहाचा आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी पूर्वी माणसे आणि कुत्री उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायला घेतली. घरट्यातली शंभर-दीडशे अंडी हलक्या हाताने काढायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची. पुढे कासव महोत्सवाला पाहुणे येऊ लागले आणि राहण्याजेवणाच्या सोयीतून गावाच्या हाती पैसा आला. अज्ञानाने किंवा गरजेने अंडी मोडणारे हातच राखणदार झाले, इथपर्यंत वेळास आणि जेनस-६ बरोबरीने चालतात. पुढे वाटा फुटतात. वेळासच्या कासवाकडून कोणी काम करून घेत नाही. होर्टाच्या पिल्लांना जन्मतःच खाणीची मजुरी लागते आणि नफा माणसांचा. व्हॅन्डरबर्गचा शेवटचा आनंद उत्पादन वाढल्याचा आहे. हा तह दोघांच्या फायद्याचा म्हणून गौरवला जातो, पण होर्टाला त्यातून मिळते ते 'तुझी अंडी फोडणार नाही' एवढेच, जे तिला आधीपासून मिळायला हवे होते. बचावात म्हणता येते की ती खणणारच आहे, खणणे हेच तिचे खाणे आणि चालणे. बचाव खोटा नाही, अपुरा आहे. या एका प्रश्नावर मतभेद झाला नाही तर चर्चा वेशभूषेवरच अडकली असे समजावे.

मॅकॉयचे 'मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे' हे वाक्य सर्वांनाच आवडते. त्यानंतर तो यानातून शंभर पौंड थर्मोकाँक्रीट मागवतो आणि थापीने जखम लिंपतो. उपचाराची ही तऱ्हा विज्ञानाच्या दृष्टीनेही सुसंगत आहे, कारण ते मिश्रण मुळात सिलिकॉनचेच.

दाखवणे आणि मते घेणे

वाडीत किंवा वाचनालयात हा भाग दाखवायला गणपतीपेक्षा शिमग्याचे दिवस बरे. चाकरमानी दोन्ही वेळा घरी असतात, पण भाद्रपदात पत्र्यांवरचा पाऊस संवाद गिळतो. होर्टाचे सगळे दुःख स्पॉकच्या आवाजात आहे. ते ऐकू आले नाही तर उरतो तो गालिचा. पावसाळ्यात दाखवायचाच असेल तर कौलारू पडवी निवडावी आणि स्पीकर प्रेक्षकांच्या मध्यावर ठेवावा. दमट हवेत प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतात.

वीज जाणार हे धरूनच चालावे. २५० वॉटचा प्रोजेक्टर आणि ५० वॉटचा स्पीकर मिळून ३०० वॉट होतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. इन्व्हर्टरची घट आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची काळजी धरता हजारेक हाती लागतात. म्हणजे तीन तास. भाग सुमारे ५० मिनिटांचा, चर्चेला वेळ उरतो. पंखे त्याच जोडणीवर लावले तर तो बराच कमी होतो.

चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे. रुंद पडदा भरून काढायला ताणले तर आधीच चपटी असलेली होर्टा आणखी पसरते आणि हशा वाढतो. जुन्या पुनःप्रसारणात जाहिरातींसाठी काही मिनिटे कापलेली असत, तर २००६ पासून निघालेल्या सुधारित आवृत्तीत बाह्यदृश्ये नव्याने केलेली आहेत. कोणती आवृत्ती पाहिली हे मतांच्या कागदावर आधी लिहावे. नाहीतर दोघे दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत बसतात.

इंग्रजी न समजणारे असतील तर निवेदकाने मध्येच बोलू नये. प्रास्ताविक प्रसंगानंतर भागाचे चार अंक आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी पडदा काळा होतो. तिथे थांबवून दोन-चार वाक्यांत गोष्ट सांगावी. टेबलावरच्या गोळ्याबद्दल मात्र अवाक्षर काढू नये, तो ज्याचा त्याला ओळखू द्यावा. शेवटचा थांबा तहाच्या आधी घ्यावा आणि 'आता काय ठरावे?' असे विचारून चिठ्ठ्या भरून घ्याव्यात. तोंडी विचारले तर वाडीतले वडीलधारे आधी बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. गोष्ट, दिसणे, विज्ञान आणि शेवट यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगावे. एकच गुण मागितला की वेशाला दिलेला तीन शेवटाच्या आठाला खाली ओढतो. तह पाहिल्यावर त्याच चिठ्ठीच्या मागे दुसरे मत लिहून घ्यावे, पहिले खोडू देऊ नये.