क्लोरीन घातले म्हणजे सांडपाणी शुद्ध झाले?

जिथे पावसाचे पाणी आणि मैला एकाच वाहिनीतून वाहतो, अशा अमेरिकेतल्या जुन्या शहरांत मुसळधार पावसात ही वाहिनी ओसंडते आणि मिश्रण थेट नदीत जाते. तिथे निर्जंतुकीकरण केंद्र उभारले की नदीत शुद्ध पाणी सोडले जाते, हा समज जुना आहे. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीकाठी 1971 पासून असलेले कॉटेज फार्म केंद्र पाहा. तिथे पाणी चाळून त्यात सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनयुक्त रसायन मिसळतात. त्याने बरेच जिवाणू मरतात, आणि नदीत उतरणाऱ्या माणसांसाठी ते फार मोलाचे आहे. परंतु गाळाच्या कणांत दडलेले जंतू वाचू शकतात, क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी तर क्लोरीनला सहसा दाद देत नाही, आणि विरघळलेले फॉस्फरस व जड धातू पाण्यात तसेच राहतात. पावसात प्रवाह क्षणाक्षणाला बदलत असल्याने मात्रा आणि संपर्काचा वेळ साधणेही कठीण असते. शिवाय उरलेले क्लोरीन माशांना घातक असल्यामुळे ते सोडियम बायसल्फाइटने निष्प्रभ करावे लागते, ही बाब सहसा कुणी सांगत नाही.