कॅसेटच्या सुरुवातीचा लोगो : दहा सेकंदांत दिसणारी यंत्रं

व्हिडिओ कॅसेट लावली की चित्रपटाआधी कंपनीचा लोगो यायचा. काळ्या पडद्याच्या खोलीतून झेपावणारी अक्षरं, मागे प्रकाशाच्या लांब शेपट्या आणि सिंथेसायझरचा ताणलेला एक सूर. हा दहा-बारा सेकंदांचा तुकडा फ्रेमफ्रेमने पाहिला, तर तो कोणत्या यंत्रावर बनला, आधी फिल्मवर होता की थेट व्हिडिओवर, आणि समोरची टेप मूळ आहे की नक्कल, हे बऱ्याच वेळा ओळखता येतं.

हे लोगो सतत बदलत राहिले, कारण धंदाच नवा होता. मिशिगनमधल्या फार्मिंग्टन हिल्स इथल्या मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीने १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे ५० चित्रपट कॅसेटवर विकण्याचे हक्क घेतले. तिचे संस्थापक आंद्रे ब्ले. फॉक्सने १९७९ मध्ये ती कंपनीच विकत घेतली आणि १९८२ मध्ये भागीदारीतून सीबीएस/फॉक्स व्हिडिओ उभी राहिली. दर नव्या नावाला नवा लोगो लागला. डिस्नेने १९७६ मध्ये युनिव्हर्सलच्या जोडीने सोनीच्या बीटामॅक्स या घरगुती रेकॉर्डरविरुद्ध दावा लावला होता. त्याच डिस्नेने मार्च १९८० मध्ये स्वतःच्या कॅसेटी बाजारात आणल्या. त्यांच्या सुरुवातीच्या लोगोत काळ्या पार्श्वभूमीवर निऑनच्या नळ्यांसारख्या रेषांनी काढलेला मिकी दिसतो. १९८६ पासून जादूगाराच्या टोपीतला मिकी आला. आपल्याकडे मुंबईत, १९६२ मध्ये पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९ मध्ये कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली.

अंधारात झळाळणाऱ्या रेषांची आणि शेपट्यांची ही जुनी शैली प्रामुख्याने बॅकलाइट पद्धतीने साधली जायची. अक्षरांचं चित्र कोडालिथ या अतितीव्र कॉन्ट्रास्टच्या फिल्मवर उतरवायचं, म्हणजे अक्षरं पारदर्शक आणि बाकी सगळं काळंकुट्ट. ही फिल्म ॲनिमेशन स्टँडच्या टेबलावर खिळ्यांवर बसवायची. खालून दिवा, मध्ये रंगीत जिलेटिन आणि वर उभ्या खांबावर सरकणारा कॅमेरा. लेन्ससमोर डिफ्यूजन फिल्टर लावला की रेषेभोवती धुसर प्रभा पसरते.

शेपटी काढायची रीत अशी : शटर उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात कॅमेरा खांबावरून खाली आणायचा. एकाच फ्रेमवर अक्षर लहानापासून मोठं होत उमटत जातं आणि प्रकाशाचा पट्टा तयार होतो. हे एका फ्रेमचं झालं. पुढच्या फ्रेमला प्रवासाची सुरुवात आणि शेवट किंचित पुढे सरकवायचा. दहा सेकंदांना, २४ फ्रेमच्या हिशेबाने, २४० फ्रेम लागतात. दर फ्रेमला आठ सेकंदांचं एक्स्पोजर धरलं, तर एका फेरीला नुसत्या एक्स्पोजरची ३२ मिनिटं होतात. प्रत्येक रंग, प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक चमक यांना वेगळी फेरी लागते. दर फेरीनंतर फिल्म मागे गुंडाळून पुन्हा पहिल्या फ्रेमवर आणायची. बारा फेऱ्यांचे २,८८० एक्स्पोजर झाले. अकराव्या फेरीत मोजणी एका फ्रेमने चुकली, तर आधीच्या दहाही फेऱ्या वाया जायच्या. फिल्म धुतल्याशिवाय चूक कळायचीही नाही.

पार्श्वभूमी काळी असण्याचं कारण याच पद्धतीत आहे. फिल्मवर प्रकाश फक्त वाढत जातो, पुसता येत नाही. काळा भाग म्हणजे कोरी राहिलेली जागा, तिथे पुढच्या फेरीचं काहीही उमटवता येतं. दोन रंग एकमेकांवर आले की ते पांढऱ्याकडे झुकतात. एक अक्षर दुसऱ्याला झाकून पुढे जायला हवं असेल, तर त्या आकाराचा काळा मुखवटा कापून स्वतंत्र बसवावा लागतो. त्यामुळे जुन्या लोगोत अक्षरं एकमेकांतून आरपार जाताना दिसली आणि छेदाच्या जागी उजळली, तर बॅकलाइटचा संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरं घराणं स्कॅनिमेटचं. ली हॅरिसन यांच्या डेन्व्हरमधल्या कंप्युटर इमेज कॉर्पोरेशनने बनवलेलं हे ॲनालॉग यंत्र. अशी यंत्रं मोजून आठच बनली. त्यात आजच्या अर्थाने प्रोग्रॅम नव्हता. काळ्या-पांढऱ्या कॅमेऱ्याने कलाकृती टिपायची आणि तिचं चित्र एका अचूक पिक्चर ट्यूबवर उमटवायचं. मात्र त्या ट्यूबचा इलेक्ट्रॉन झोत आडवा-उभा फिरवणारे व्होल्टेज आपल्या हातात असायचे. आडव्या व्होल्टेजमध्ये साइन लहर मिसळली की अक्षर लाटेसारखं वळवळतं. दोन्ही व्होल्टेज एकत्र वाढवले की अक्षर मोठं होतं. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती नॉबवर जुळवून ठेवायची. मग उताराचं व्होल्टेज चित्राला एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत नेतं. त्या ट्यूबकडे रोखलेला दुसरा कॅमेरा हे चित्र पुन्हा टिपायचा आणि उजेडाच्या पातळ्यांना वेगवेगळे रंग दिले जायचे. सगळं तिथल्या तिथे घडत असल्याने ग्राहक शेजारी बसून ‘अजून थोडं वेगात’ म्हणू शकत होता. अडचण अशी की जुळवणी साठवायची सोय नव्हती. जोडतारा काढल्या की ती हालचाल गेली, उरायचं ते दोन इंची टेपवरचं रेकॉर्डिंग.

स्कॅनिमेटची खूण झोताच्या भौतिकशास्त्रात आहे. चित्र ताणलं की तोच झोत जास्त जागेवर पसरतो, म्हणून ते मंद होतं आणि स्कॅन रेषा सुट्या दिसू लागतात. चित्र आकसलं की तेवढीच ऊर्जा थोड्या जागेत येते आणि ते डोळ्यांत भरेल इतकं उजळतं. उडत येणारं अक्षर लहान असताना लख्ख आणि मोठं होताना फिकट व रेघारेघांचं दिसलं, तर ते स्कॅनिमेटचं असण्याची शक्यता बरीच आहे.

ऐंशीच्या दशकात संगणकाने काढलेले चकचकीत क्रोमचे लोगो आले. क्रोमच का? कारण ते स्वस्त पडायचं. गुळगुळीत छायेसाठी संगणक-चित्रांचे संशोधक फाँग यांची १९७५ ची पद्धत हाताशी होती आणि प्रतिबिंबासाठी ब्लिन व न्यूएल यांची १९७६ ची. दुसऱ्या पद्धतीत खरं प्रतिबिंब मोजायचं नसतं. आजूबाजूच्या जगाचं एकच चित्र साठवायचं आणि पृष्ठभागाच्या दिशेनुसार त्यातला रंग उचलायचा. वर निळं आकाश, मध्ये क्षितिजाची गडद रेघ आणि खाली तपकिरी जमीन, एवढ्यावर अक्षर धातूचं वाटतं. लाकूड किंवा कापड दाखवणं त्या काळी कितीतरी अवघड होतं.

साठवण ही मोठी अडचण होती. ६४० बाय ४८० ठिपक्यांची, तीन रंगांची एक फ्रेम म्हणजे ९,२१,६०० बाइट. दहा सेकंदांच्या ३०० फ्रेम म्हणजे सुमारे २७६ मेगाबाइट. एवढी डिस्क तेव्हा फार महाग होती. म्हणून फ्रेम तयार झाली की ती लगेच फिल्मवर किंवा एक इंची टेपवर उतरवायची आणि मेमरी पुढच्या फ्रेमसाठी मोकळी करायची. एका फ्रेमला दहा मिनिटं लागत असतील, तर सगळ्याला ५० तास. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसर पट्टा, काढायला गणित वाढतं, म्हणून बरेचदा ते सोडून दिलं जायचं. वेगाने फिरणारी अक्षरं तुटक उडताना दिसतात ती त्यामुळे. तिरप्या कडांवर पायऱ्या सरपटताना दिसतात, तीही याच काळाची खूण.

आता टेपकडे वळू. लोगोची सगळी मेहनत अखेर अर्ध्या इंचाच्या फितीवर उतरायची, आणि व्हीएचएस या घरगुती कॅसेट-पद्धतीची धाव मर्यादित आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत फीत सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते आणि ६२ मिलिमीटर व्यासाचा हेड-ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. उजेडाच्या तपशिलाला साधारण ३ मेगाहर्ट्झ मिळतात, रंगाला त्याचा जेमतेम सहावा भाग. रंगाचा सिग्नल ६२७ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणून टेपवर लिहिला जातो. परिणामी लाल अक्षराचा रंग कडेबाहेर ओघळतो आणि नकलेमागून नक्कल करताना उजवीकडे व खाली सरकत जातो. काळ्यावर पांढरं अक्षर टेपसाठी सर्वांत कठीण. तिथे सिग्नल एकदम उसळी घेतो, आणि हेड झिजलेलं असेल तर पांढऱ्या कडेच्या उजवीकडे काळ्या रेघा फाटल्यासारख्या दिसतात. इंटरलेसमुळे, म्हणजे एक फ्रेम विषम आणि सम रेषांच्या दोन फील्डमध्ये आलटून-पालटून दाखवल्यामुळे, पातळ आडव्या रेषा थरथरतात. म्हणूनच लोगोतली अक्षरं जाड असायची.

लोगो टेपवर सर्वांत वाईट जागी असतो. कॅसेटच्या दोन्ही टोकांना पारदर्शक फीत असते. तिच्यातून दिव्याचा प्रकाश सेन्सरवर पडला की यंत्राला टोक आल्याचं कळतं. त्यानंतरचा फितीचा पहिला तुकडा प्रत्येक वेळी ड्रमभोवती ओढून गुंडाळला जातो. चित्रपट अर्ध्यात सोडला तरी सुरुवात मात्र वाजलेली असते. त्यामुळे सुरकुत्या, निखळलेला चुंबकीय थर आणि पांढरे ठिपके लोगोवरच जास्त. ध्वनीची अडचण वेगळी. बोलण्यात फितीचा वेग किंचित हलला तर कळत नाही, पण सिंथेसायझरचा एकसारखा लांब सूर लगेच डगमगताना ऐकू येतो.

हे माहीत नसेल तर मोठी फसगत होते. एका लोगोचे ‘प्रकार’ म्हणून सांगितले जाणारे बरेच फरक खरं तर टेपचे दोष असतात. उदाहरणार्थ, लोगो मध्येच काळवंडतो आणि परत उजळतो. १९८५ पासून कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन नावाचं नक्कलविरोधी तंत्र येऊ लागलं. पडद्यावर न दिसणाऱ्या रेषांमध्ये ते खोटे तेजस्वी स्पंद घालतं. नक्कल करणाऱ्या यंत्राचा स्वयंचलित पातळी-नियंत्रक त्यांना फसून सगळं चित्र खालीवर करतो. म्हणजे ती उघडझाप ॲनिमेशनची नाही, समोरची टेप नक्कल असल्याची ती खूण आहे. दुसरं उदाहरण वरच्या पट्टीतल्या संगीताचं. २४ फ्रेमची फिल्म पालमध्ये २५ फ्रेमने चालवतात. वेग ४.१७ टक्के वाढतो आणि सूर अर्ध्या स्वराहून (सेमीटोनहून) थोडा कमी, सुमारे ०.७ सेमीटोन चढतो. ध्वनी २४/२५ पटीने हळू केला आणि तो अमेरिकन प्रतीशी जुळला, तर लोगो एकच आहे.

जन्म फिल्मवर की व्हिडिओवर, हे हालचालीतून ठरतं. पाल टेपवरची फ्रेम दोन फील्डमध्ये वेगळी करून पाहा. दोन्ही फील्डमध्ये अक्षर एकाच जागी असेल तर मूळ फिल्म किंवा फ्रेमफ्रेमने केलेलं काम. प्रत्येक फील्डमध्ये अक्षर पुढे सरकलेलं असेल तर स्कॅनिमेटसारखं थेट व्हिडिओवरचं. अमेरिकन टेपवर फिल्ममधून आलेल्या लोगोत पाच फ्रेमच्या चक्रात तीन स्वच्छ आणि दोन मिश्र फ्रेम दिसतात. पाल टेपवर हालचालीत दोन प्रतिमा एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर ते अमेरिकन व्हिडिओवरून केलेलं रूपांतर असतं.

म्हणून टेप संगणकावर घेताना हे फील्ड जपायला हवेत. कॅसेटच्या खिडकीतून आधी रिळं पाहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. अशी टेप चांगल्या यंत्रात घालू नका. ती बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. टेप स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, म्हणजे ताण सारखा होतो. यंत्रावर उजेड आणि रंग वेगळे नेणाऱ्या एस-व्हिडिओची सोय असेल तर तीच वायर वापरा आणि मध्ये टाइम बेस करेक्टर (रेषांची डळमळलेली वेळ सारखी करणारं यंत्र) लावा, नाहीतर उभ्या कडा वळवळतात. रेकॉर्डिंग आधी सुरू करा, प्ले नंतर दाबा. फितीचा वेग सांभाळणाऱ्या सर्व्होला वेग पकडायला काही सेकंद लागतात आणि लोगोची सुरुवात नेमकी तिथेच निसटते. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस तशीच ठेवून एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस (काहीही न गमावणाऱ्या) कोडेकमध्ये साठवा. असंपीडित सिग्नल सेकंदाला २०.७ मेगाबाइट होतो, पण वीस सेकंदांच्या लोगोला ती जागा काहीच नाही. डीइंटरलेस, म्हणजे फील्ड एकत्र मिसळणं, आपोआप करणारा पर्याय बंद ठेवा. पाहण्यासाठी प्रत हवी असेल तर ती मूळ फाइलवरून सेकंदाला ५० फ्रेमची वेगळी बनवा. २५ ची बनवली की निम्मी हालचाल जाते, आणि स्कॅनिमेटचा लोगो फिल्मवरच्या लोगोसारखा दिसू लागतो.