लालीचा लेझर वेगळा, खड्ड्यांचा वेगळा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, लग्नाच्या तारखा ठरल्या, की जळगाव-धुळ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक मागणी हमखास येते: "डॉक्टर, चेहऱ्यावर लेझर मारून द्या." कशासाठी म्हणून विचारलं तर यादी निघते. गाल लाल राहतात, मधूनच पुटकुळ्या येतात, जुन्या मुरमांचे डाग आहेत, कानशिलापाशी दोन-चार खड्डे आहेत. हे सगळं एकाच मशीननं, हळदीच्या आत साफ व्हावं अशी अपेक्षा असते. तसं होत नाही. लाली उतरवणारं मशीन आणि खड्डे भरून आणणारं मशीन यांचं काम वेगळं, जोखीम वेगळी, नंतरची काळजीही वेगळी. एक रक्ताला तापवतं, दुसरं पाण्याला.

यामागचं तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी 1983 साली मांडलं. त्वचेतला प्रत्येक घटक ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश जास्त शोषतो. नेमकी ती तरंगलांबी, नेमक्या क्षणापुरती सोडली, तर तेवढाच घटक तापतो आणि शेजारचा भाग बचावतो. लालीसाठी वापरतात तो पल्स्ड डाय लेझर 585 किंवा 595 नॅनोमीटरचा, म्हणजे पिवळा प्रकाश. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, बारीक फुगलेल्या रक्तवाहिन्या आतून तापून बंद होतात आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर त्यांचा निचरा करतं. वरची कातडी फुटत नाही. बऱ्याच मशीनमध्ये प्रत्येक झटक्याआधी थंड वायूचा फवारा बसतो, लगेच टचकन चटका, आणि मग थोडी सूज. जोर जास्त ठेवला तर जांभळे डाग उठतात आणि ते जायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे करून घेणाऱ्यांनी फोटोग्राफरला आधीच कल्पना दिलेली बरी.

खड्ड्यांसाठीचा कार्बन डायऑक्साइड लेझर 10,600 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. त्याला रक्ताशी देणंघेणं नाही. तो पाण्यात शोषला जातो, आणि कातडीत पाणी भरपूर, म्हणून जिथे पडेल तिथली कातडी वाफ होऊन उडते. पूर्वी अख्खा थर सोलायचे. आता 'फ्रॅक्शनल' पद्धतीत ठिबकच्या नळीसारखं चालतं: ठरावीक अंतरावर थेंबाएवढ्या जागी मारा, मधली कातडी तशीच कोरी. त्या कोऱ्या कातडीकडूनच जखमा भरतात आणि आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला तीन ते सहा महिने जातात. मधल्या काळात आठवडाभर चेहरा लाल, खरखरीत, बारीक खपल्यांचा. बर्फ फोडायच्या टोच्यानं टोचल्यासारख्या खोल, अरुंद खड्ड्यांना हा लेझर एकटा पुरत नाही. तिथे ॲसिडचा बारीक थेंब किंवा सुईनं आतले धागे सोडवणं असे उपाय जोडावे लागतात.

आता चुकीची जोडी लागली तर काय होतं ते बघा. ज्याचे गाल आधीच तापलेले आहेत, त्याच्यावर कार्बन डायऑक्साइड लेझर चालवला तर आगीत तेल. उलट खड्डे घेऊन आलेल्याला लालीचा लेझर दिला तर पैसे गेले आणि खोल खड्डे जागेवर. पाटीवर मात्र दोन्हीला 'लेझर ट्रीटमेंट' एवढंच लिहिलेलं असतं.

यात तिसरा भिडू आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट. तो लेझर नाहीच. झगझगीत दिव्यातून साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा मिसळ प्रकाश येतो आणि फिल्टर लावून त्यातला नको तेवढा अडवतात. गोऱ्या कातडीच्या लालीवर तो चांगला चालतो. आपल्या सावळ्या, त्यात उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण हा प्रकाश मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्यही, मनापासून शोषतं. मग लाली राहते बाजूला आणि गालावर चौकोनी भाजल्याचे ठसे उमटतात. सावळ्या कातडीसाठी डॉक्टर अनेकदा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर निवडतात. तो मेलॅनिनला बऱ्यापैकी चुकवून खोल जातो. पण त्या तरंगलांबीला रक्तही कमी शोषतं, त्यामुळे ऊर्जा वाढवावी लागते आणि चुकीला जागा उरत नाही. म्हणजे मशीनपेक्षा ते चालवणारा हात महत्त्वाचा.

हे सगळं पुढचं. आधी लाली कशाची आहे ते कळायला हवं, आणि खरा घोळ तिथेच होतो.

मुरमं आणि रोझेशिया, म्हणजे नाक-गाल वारंवार लाल करणारं कातडीचं दुखणं, लांबून सारखेच दिसतात: लालसर पुटकुळ्या, कधी पू. जवळून बघा. मुरमांत काळी-पांढरी टोकं, म्हणजे ब्लॅकहेड-व्हाइटहेड, सापडतातच. रोझेशियात ती नसतात. मुरमं कपाळ, हनुवटी, जबडा, पाठ अशी कुठेही असतात आणि वयात येताना जोर करतात. रोझेशिया बहुतेकदा तिशीनंतर, नाक-गालांच्या मध्यभागी, झटक्यात तापणारा. डोळेही चुरचुरतात. त्याला चिडवणाऱ्या गोष्टींची यादी वाचली की खानदेशचा मे महिनाच समोर येतो: ऊन, उष्ण वारा, वाफाळता चहा, तिखट. पंचेचाळीस अंशाच्या दुपारी काळ्या मसाल्याची शेवभाजी नाहीतर झणझणीत भरीत खाल्लं की निरोगी माणसाचाही चेहरा फुलतो, मग यांचं काय विचारता! सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही. म्हणून पेशंट "लाल झालंय" म्हणत नाही, "तोंडाची आग होते" म्हणतो, आणि दुखणं वर्षानुवर्षं मुरमं म्हणून खपतं. मुरमांसाठीचं रेटिनॉइड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड अशा चेहऱ्याला लावलं तर आग आणखी वाढते. रोझेशियाला मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिन किंवा अझेलेइक ॲसिडची मलमं असतात. लेझर त्यांच्या जोडीला येतो. तो फुगलेल्या वाहिन्या कमी करतो, पण रोझेशियाची प्रवृत्ती काढून टाकत नाही, म्हणून अधूनमधून पुन्हा बसावं लागतं.

आणि आपल्याकडे एक लाली अशी, की जी ना मुरमांची ना रोझेशियाची. ती ट्यूबमधून आलेली असते. मेडिकलवाल्यानं दिलेली, वहिनीनं सुचवलेली, पार्लरमधून आणलेली 'गोरं करणारी' क्रीम. आत बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल, म्हणजे स्टिरॉइड. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, घरचे कौतुक करतात. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, बारीक वाहिन्या दिसायला लागतात, गालावर लव वाढते, उन्हात पाऊल टाकलं की भडका. क्रीम सोडली की दोन-तीन दिवसांत सगळं दुप्पट उसळतं, मग माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब पिळतो. 2018 मध्ये सरकारनं अशी कितीतरी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दुकानात ही अट किती पाळली जाते हे आपण सगळे जाणतो. अशा चेहऱ्यावर घाईनं लेझर मारू नये. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रीम सुटली पाहिजे, कातडी शांत झाली पाहिजे, आणि त्याला महिने लागतात. म्हणूनच चांगला डॉक्टर मशीनकडे बघण्याआधी अहिराणीत विचारतो, "तोंडले काय लावस?" तेव्हा लाजून "काहीच नाही" म्हणू नका. ट्यूब पिशवीत टाकून घेऊन जा.

डागांचं एक घरगुती निदान करता येतं. स्वच्छ पारदर्शक काचेचा पेला डागावर हलकेच दाबा. डाग फिका पडला तर तो रक्तवाहिन्यांचा, लाल. तसाच राहिला तर मेलॅनिनचा, तपकिरी-काळा. आपल्या रंगावर मुरमानंतर राहणारे डाग बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात. पहिल्याला पल्स्ड डाय लेझर मदत करू शकतो. दुसऱ्यावर कुठलाही तापवणारा लेझर जपूनच, कारण भाजल्याच्या निमित्तानं तो डाग आणखी गडद होऊ शकतो. तिथे रंगीत, आयर्न ऑक्साइडवाला सनस्क्रीन, अझेलेइक ॲसिड आणि वेळ हेच बरे.

चालू मुरमांसाठीही लेझर आहे. 1726 नॅनोमीटरचा, तैलग्रंथींवर रोखलेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2022 मध्ये त्याला मान्यता दिली. पण पहिला उपाय आजही ॲडॅपॅलिन, बेन्झॉइल पेरॉक्साइड ही लावायची औषधं, गरज पडली तर डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन ही पोटात घ्यायची. आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भ राहता कामा नये, बाळात व्यंग येतं. लग्न ठरलेल्या मुलींना हे आधी सांगायला हवं. पू भरलेल्या मुरमांवर खड्ड्यांचा लेझर करत नाहीत. आधी मुरमं शांत, मग खड्डे.

राहिला मुहूर्त. खानदेशात लेझरसाठी दिवाळी ते संक्रांत हे दिवस सोयीचे. एप्रिल-मेमध्ये केळीच्या बागेत किंवा टू-व्हीलरवर दिवस काढणाऱ्यानं खड्ड्यांचा लेझर करून घेऊ नये. स्कार्फ कितीही घट्ट बांधला तरी घाम आणि घर्षण ताज्या कातडीला सोसत नाही. बसायच्या आधी मशीनची तरंगलांबी, बैठका किती आणि चालवणार कोण, हे स्पष्ट विचारा. कानामागे किंवा जबड्याखाली एक चाचणीचा झटका मागा आणि दोन-तीन आठवडे रंग बघा. डोळ्यांवर संरक्षक कवच न लावता कोणी सुरुवात करत असेल तर उठून या.