गरिबीचा पेपर ८४ गुणांचा

दसरा झाला की बीड, धाराशिवकडच्या गावांतून कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या, जोड्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, त्याआधीच घेतलेली असते. त्या पैशात किराणा भरतात, लेकरांना कपडे होतात, जुनी देणी थोडीफार भागतात. नेमकं त्याच महिन्यात कुणी या घरची गरिबी मोजायला आलं तर?

आपली दारिद्र्यरेषा कमाई विचारत नाही, खर्च विचारते. १९७१ मध्ये पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरीचं अन्न मिळेल एवढा खर्च ही कसोटी धरली. पुढे सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीने कॅलरीची कसोटी सोडली, शिक्षण आणि औषधपाणीही धरलं. त्या पद्धतीने २०११-१२ ची ग्रामीण रेषा निघाली माणशी महिना ८१६ रुपये, म्हणजे दिवसाला २७. रकमेवर तेव्हा बराच गदारोळ झाला. मला खटकतं ते वेगळंच. उसनवारीचा खर्चही खर्चच धरला जातो. घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं आणि सावकाराचे पैसे आणून बिल भरलं, की कागदावर ते घर वर सरकतं!

नीती आयोगाने २०२१ मध्ये आणलेला गरिबीचा बहुआयामी निर्देशांक खर्चाऐवजी घरातल्या बारा उणिवा बघतो. त्याचे अपूर्णांक डोकं खातात, म्हणून ८४ गुणांचा पेपर समजू. पोषण, शिक्षणाची वर्षं, मुलांची शाळा यांना १४-१४. बालमृत्यू आणि मातेचं आरोग्य यांना ७-७. सरपण, संडास, पाणी, वीज, घर, चीजवस्तू, बँक खातं यांना ४-४. इथे गुण मिळतात ते नसण्याचे. २८ झाले की घर गरीब.

आता एक तोडकऱ्याचं घर घ्या. चौथीपुढे कुणी शिकलेलं नाही, १४. चुलीवर स्वयंपाक, ४. संडास नाही, ४. शेणाने सारवलेली भुई, ४. दुसरीतलं लेकरू आजीपाशी राहून शाळेत जातं, म्हणून तिथे शून्य. बाकी सगळं ठीक धरलं तर बेरीज २६. गरीब नाही.

मग उन्हाळा लागतो, गावातला बोअर आटतो. हंडा घेऊन जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या वर वेळ जायला लागला की पाण्याचे ४ चढतात. झाले ३०. आजी थकली, लेकरू फडावर न्यावं लागलं आणि शाळा सुटली, तर ४४.

आणि मोजणारा डिसेंबरात आला, तर दाराला कुलूप.