सेल्फ-हीलिंग मटेरियल

भेग पडली की कुणी हात न लावता ती आपली आपण बुजवणारे, आणि गेलेली ताकद थोडीफार परत मिळवणारे पदार्थ. सिमेंट, पॉलिमर (प्लॅस्टिकसारखे पदार्थ), डांबर, धातू सगळे यात येतात.

सुरुवात कधीची यावर मात्र एकमत नाही. काही जण थेट १८३६ पर्यंत मागे जातात, फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे तेव्हा चुन्या-सिमेंटच्या भेगा पाण्यात भरून येतात अशी नोंद झाली असं सांगतात. यात नवल काही नाही, पुण्यात कुठल्याही सोसायटीत बघा, नवी सिमेंटची टाकी आधी पाझरते, मग काही दिवसांनी पाझर आपोआप थांबतो आणि भेगेवर पांढरी रेघ उरते. आत न भिजलेले सिमेंटचे कण असतात त्यांना पाणी मिळतं आणि सुटा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून चुनखडी होतो, एवढंच. पण हे केसासारख्या बारीक भेगांपुरतं, आणि पाणी हवंच.

दुसरा पक्ष २००१ धरतो आणि तोच जास्त पटतो, कारण इथे भरून येणं मुद्दाम डिझाइन केलेलं आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इपॉक्सी या पॉलिमरमध्ये द्रवाच्या सूक्ष्म कुप्या आणि ग्रब्ज कॅटलिस्ट (द्रव घट्ट व्हायला लावणारं रसायन) मिसळलं. भेग कुपीपर्यंत गेली की ती फुटते, द्रव भेगेत ओढला जातो, कॅटलिस्टला लागला की घट्ट होतो. सुमारे ७५ टक्के चिवटपणा परत मिळाला. अडचण अशी की कुपी एकदाच फुटते, त्याच जागी परत चीर गेली तर हाती काही नाही. तशी १९९० च्या दशकात कॅरोलिन ड्राय यांनी काँक्रीटमध्ये पोकळ तंतू घालून बघितले होते, त्यामुळे २००१ लाही अगदी पहिलं म्हणता येत नाही.

रोमन काँक्रीटचा वाद वेगळाच. त्यातले पांढरे खडे म्हणजे मिसळण्यातला गलथानपणा असं बरीच वर्षं मानत होते, २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने ते भेगा बुजवायला चुना पुरवतात असं दाखवलं, कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना न विरवता, म्हणजे आधी पाण्यात न भिजवता, थेट मिसळला होता आणि त्यामुळे मिश्रण तापायचं म्हणून. हे वाचून लगेच शनिवारवाड्याला लावू नये, आपल्याकडची रीत चुना आधी विरवून मग बैल जुंपलेल्या घाण्यात मळायची, तिथे असे खडे कमीच राहणार. आणि चुना भेग भरतो म्हणजे बांधकाम अभंग असंही नाही, १८७९ चं दगड-चुन्यातलं खडकवासला धरण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पाण्याच्या लोंढ्यापुढे टिकलं नाहीच.

बॅक्टेरियाचं काँक्रीट नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या हेंक योंकर्स यांचं. बॅसिलस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू (त्यांचं सुप्त रूप) आणि खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट, पाणी शिरलं की ते जागे होऊन चुनखडी बनवतात. खर्च जास्त येतो.

डांबरात स्टीलचे बारीक तंतू घालून इंडक्शनने (चुंबकी क्षेत्राने, स्वयंपाकाच्या इंडक्शन शेगडीसारखं) तापवतात, डांबर वितळून चिरा मिटतात. नेदरलँड्समध्ये २०१० ला ए५८ हायवेवर असा पट्टा टाकला. हा उपाय चिरांवर आहे, आपल्या खड्ड्यांवर नाही.

धातूंत २०२३ मध्ये प्लॅटिनमच्या ४० नॅनोमीटर जाड पत्र्यातली चीर निर्वातात स्वतःहून मिटताना दिसली.