बारा मीटर वर, बारा मीटर खाली

ऑक्टोबरात मामिराउआच्या जंगलात शिरलं की झाडांच्या बुंध्यांवर, डोक्याच्या बऱ्याच वर, एक आडवी रेघ दिसते. रेघेखालचं खोड वाळलेल्या गाळानं राखाडी, वरचं स्वच्छ. मे-जूनमध्ये पाणी तिथवर होतं. आता पायाखाली भेगाळलेली माती आहे त्या जागी तेव्हा मासे झाडांची पडलेली फळं खात फिरत होते.

हा भाग ब्राझीलच्या आमाझोनास राज्यात, सोलिमोइस (अमेझॉन नदीचं इथलं नाव) आणि झापुरा या नद्यांच्या बेचक्यात येतो. मानाउस शहर इथून पूर्वेला सुमारे 500 किलोमीटरवर, आणि बाजारहाट, दवाखाना, बर्फ या सगळ्यासाठी जवळचं गाव म्हणजे तेफे. अँडीज पर्वतातून आलेला गाळ साठून झालेल्या या सखल जमिनीला तिथे ‘वार्झेआ’ म्हणतात. जमीन सुपीक, पण वर्षातले काही महिने ती नदीची असते. पाण्याची पातळी वर्षाकाठी 10 ते 12 मीटर वरखाली होते, म्हणजे चार मजल्यांची इमारत बुडेल एवढी. मात्र हा रातोरात घरात घुसणारा पूर नव्हे. पाणी दिवसाला सरासरी पाच-सहा सेंटिमीटर चढतं आणि महिनोन्‌महिने चढत राहतं. त्यामुळे पळापळीपेक्षा हिशेब कामाला येतो.

हा हिशेब घरापासून सुरू होतो. घरं दोन तऱ्हेची. एक उंच लाकडी खांबांवरचं. खांबांची उंची गेल्या मोठ्या पुराच्या खुणेवरून ठरते आणि कधीतरी एखादं वर्ष ती खूण ओलांडतंच. मग घरातच फळ्यांची दुसरी जमीन चढवतात, तिला ‘मारोंबा’ म्हणतात. पाणी वाढेल तशी ती वर सरकवायची. छप्पर मात्र जागचं हलत नाही, म्हणून पुराच्या शेवटच्या आठवड्यांत माणसं वाकून चालतात. गुरांसाठीही असंच मचाण बांधतात. त्यांचा चारा होडीनं कापून आणावा लागतो, आणि तो कमी पडला की जनावर आधी खंगतं, मग मरतं. कांद्याची पात, कोथिंबीर वगैरे जुन्या फुटक्या होडीत माती भरून, ती खांबांवर ठेवून वाढवतात.

दुसरं घर तरंगतं. ‘असाकू’ नावाच्या झाडाच्या जाडजूड ओंडक्यांवर ते उभं असतं. या झाडाचा चीक विषारी, पण लाकूड हलकं आणि पाण्यात बरीच वर्षं टिकणारं. पुराची काळजी मिटते, त्याऐवजी काठाला बांधलेल्या दोराची लागते. पाणी उतरताना दोर सैल करून घर वेळेवर खोल पाण्याकडे ढकललं नाही, तर ते काठाच्या उतारावर टेकतं, तिरकं होतं आणि पुढचं पाणी येईपर्यंत तसंच राहतं.

शेतीत सगळा जीव कसाव्यावर. हा तोच कंद, ज्याच्या स्टार्चपासून आपला उपासाचा साबुदाणा होतो. उंचावरच्या, न बुडणाऱ्या जमिनीत तो वर्षभर किंवा जास्तही ठेवता येतो. वार्झेआत तेवढी सवड नाही. पाणी ओसरताच लावायचा आणि साधारण सहा-सात महिन्यांत तयार होणारे वाणच निवडायचे. पाणी मुळांशी आलं की कंद काही दिवसांत सडतो. म्हणून पूर लवकर आला तर अर्धवट वाढलेलं पीकही घाईघाईनं उपटतात. त्यात एक गोष्ट विसरून चालत नाही: पुढच्या लागवडीची खोडं. कसावा बियांवर नाही, खोडाच्या तुकड्यांवर लावतात. ते उंच जागी जपले नाहीत, तर पाणी गेल्यावर नातलगांच्या गावी मागायला जावं लागतं.

उपटलेला कडू कसावा तसाच खाल्ला तर घात करतो. त्यात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. त्याला तोडणारं विकर (एन्झाइम) त्याच कंदात, पण पेशीत वेगळ्या कप्प्यात असतं. पेशी फुटली की दोघं भेटतात आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटतं. सगळी कृती म्हणजे ही भेट नीट घडवून आणणं. कंद तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवतात. ते आंबून मऊ पडतात, पेशी सुटतात, आणि विषाचा काही भाग पाण्यात उतरतो. नंतर सोलून, ठेचून किंवा किसून लगदा करतात.

तो लगदा ‘तिपिती’त भरतात. ही वेतासारख्या पट्ट्यांची तिरकी विणलेली लांबलचक नळी. आखूड करून दाबली की फुगते, तेव्हा लगदा ठासायचा. वरचं टोक तुळईला अडकवायचं, खालच्या फासात दांडका घालायचा आणि त्या दांडक्यावर कुणीतरी बसायचं. विण ताणली जाऊन नळी लांब होते, लांब होताना बारीक होते, आणि चहूबाजूंनी पिवळसर रस ठिबकू लागतो. स्क्रू नाही, लोखंड नाही, तरी दाब सगळीकडून सारखा. रस फेकत नाहीत. तो स्थिर ठेवला की तळाशी स्टार्च बसतो, आणि वरचं पाणी बराच वेळ उकळून ‘तुकुपी’ नावाचं आंबट कालवण होतं.

कोरडा झालेला लगदा चाळून मोठ्या सपाट कढईत वल्ह्यासारख्या उलथण्यानं सतत हलवत भाजतात. याचा टणक, दाणेदार ‘फारिन्या’ होतो. मासा असो वा नसो, ताटात हा असतोच. चूक होते ती घाईत. न भिजवता, न किसता मोठे तुकडे एकदम तापवले तर विकर आधी मरतं आणि लिनामरिन तसंच उरतं. नुसती आच विष काढत नाही, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं.

प्यायचं पाणी हा वेगळाच घोर. नदीचं पाणी गढूळ, आणि गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आधी निवळू द्यायचं, फडक्यानं गाळायचं, मगच 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे, लिटरला दोन थेंब घालून अर्धा तास थांबायचं. पावसाचं पाणी पन्हळीतून साठवलं तर ही खटपट बरीच कमी होते.

आता पिरारुकू. हा मासा तीन मीटरपर्यंत वाढतो आणि त्याला हवेत श्वास घ्यावाच लागतो. त्यानं तोंड वर काढलं की अनुभवी कोळी आवाजावरून आणि पाण्याच्या हालचालीवरून आकार सांगतो. 1990च्या दशकात हा मासा इतका घटला की 1996 मध्ये आमाझोनास राज्यात त्याच्या मासेमारीवर बंदी आली. पुढे मामिराउआत कोळ्यांच्या याच कौशल्याची पद्धत बसवली. पाणी उतरून तळी नदीपासून तुटली की तळ्याचे भाग पाडतात. एकेक जण होडीत गप्प उभा राहून वीस मिनिटं मोजतो: दीड मीटरवरचे मोठे वेगळे, एक ते दीड मीटरचे लहान वेगळे. वीस मिनिटंच का? त्याहून जास्त वेळ थांबलं तर तोच मासा पुन्हा वर येऊन दोनदा मोजला जातो. खुणा करून सोडलेल्या माशांवरून काढलेल्या अंदाजाशी हे आकडे चांगलेच जुळले. मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के पुढच्या वर्षी पकडायला परवानगी मिळते, लहानांना हात लावायचा नाही. नियम पाळलेल्या तळ्यांत मासे कित्येक पटींनी वाढले.

पण हे सगळं नदीच्या वेळापत्रकावर उभं आहे, आणि ते वेळापत्रक बिघडतंय. मानाउसच्या बंदरात 1902 पासून पातळी मोजली जाते. तिथला उच्चांक 2021 मध्ये 30.02 मीटरचा, नीचांक 2024 मध्ये 12.11 मीटरचा. तीन वर्षांत दोन्ही टोकं! 2023च्या सप्टेंबरअखेर तेफेच्या तळ्याचं पाणी 39 अंशांवर गेलं आणि दीडशेहून अधिक नदीतले डॉल्फिन मेले. तरंगती घरं चिखलात बसली. पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन माणसं वाळलेल्या पात्रातून चालत होती.

‘राबेता’, म्हणजे लांब दांड्याच्या पंख्याची छोटी मोटर, वीतभर पाण्यातही होडी पुढे नेते. पण ती माणसं आणि पोती वाहते, बर्फ भरलेली मोठी नाव नाही. पिरारुकू पकडल्यावर लगेच बर्फात घालावा लागतो, बर्फ शहरातून येतो, आणि मासा न्यायलाही मोठीच नाव लागते. त्या वर्षी काही तळ्यांत मोजणी झालेली, परवानगीचे कागद हातात, मासे डोळ्यांसमोर श्वास घ्यायला वर येत होते. बर्फाची नाव मात्र काही किलोमीटर अलीकडे वाळूत रुतलेली.